आजीने विचारलेली वाळू

चि. भाच्यास,

व्हेरझास्का नदीतल्या तुझ्या उडीचा व्हिडिओ इकडे सगळ्यांनी पाहिला. लाव्हेर्तेत्सोचा तो दोन कमानींचा दगडी पूल, खालचं हिरवं पाणी, पाण्याने घासून गुळगुळीत झालेले खडक. आजीने चष्मा पुसून पाहिला आणि एवढंच विचारलं, "तिथं वाळू काढतात का?" तू फोनवर हसलास आणि मग खरा प्रश्न टाकलास: परमुलखातल्या डोंगरात पोहलेलं आजीला चालतं, मग गावी आल्यावर गंगेत गुडघ्याच्या वर पाणी लागलं की तिची हाक का येते? घरातल्या एकूण एक पोराला भोपळा बांधून पाण्यात ढकलणारी तीच, आणि आता अडवणारीही तीच. फोनवर दोन वाक्यांत मावणारी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र.

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर निघालेली गोदावरी परभणी जिल्ह्यात पोहोचते तोवर डोंगर विसरलेली असते. इथे ती सगळ्यांची गंगा. पाथरीपासून पूर्णेपर्यंत काळ्या रानातून वळणं घेत ती जाते. डोंगर आहेत, पण अंग चोरून उभे: उत्तरेला जिंतूरचे, जिथे नेमगिरीची जैन लेणी आहेत, आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाटाची टोकं. त्या डोंगरांतल्या ओढ्यांनाही डोह पडतात, पण त्यांचं पाणी दिवाळीपर्यंतचं. पुढे शेवाळ आणि चिखल. चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळिसाकडे सरकला की पोरांना गंगा सोडून दुसरी जागा नसायची.

आणि गंगेत पोहायचं म्हणजे डोहात. बाकीचं पात्र उन्हाळ्यात घोट्याएवढं, वाळूच वाळू. डोह मात्र वर्षभर भरलेला.

डोह कुठेही पडत नाही. नदी वळते तिथे बाहेरच्या काठावर पाण्याचा जोर जास्त असतो. तिथे काठ कापला जातो, तळ खोल होतो, आणि आतल्या बाजूला वाळूचा उतार साचतो. पात्रात काळ्या खडकाचा उंबरा आडवा आला, तर त्यावरून खाली पडणारं पाणी पायथा उकरतं. पुरात भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकाला गोल भोकं पाडतात. त्याचं टोकाचं रूप पाहायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघावेत. घाटाच्या किंवा देवळाच्या पायाला वळसा घालणारं पाणीही असंच खोदतं. मुद्गलला तर महादेवाचं देऊळच गोदावरीच्या पात्रात उभं आहे. या सगळ्याला शेकडो पावसाळे लागतात. म्हणून डोह जागा बदलत नाही, किंवा बदललाच तर इतक्या सावकाश की आजोबाने नातवाला दाखवलेला उतार नातवाच्या पोरालाही तिथेच सापडतो.

त्यावरच सगळी विद्या उभी होती. पोहायला शिकवणारा कुणी गुरुजी नव्हता. पाठीला वाळलेला पोकळ भोपळा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, नाहीतर गोड्या तेलाचा झाळलेला डबा. पुढे ट्रॅक्टरची ट्यूब आली. पहिले दिवस वाळूच्या उताराकडे हातपाय मारायचे, मग थोरला चुलतभाऊ गाठ सैल करायचा आणि पोराला ते कळायचंही नाही. भोपळा सुटला की बुडी, मग मुटका, मग दरडीवरून सूर. कुठल्या दगडावरून सूर मारायचा आणि कुठल्या दगडाखाली कपार आहे, पाणी कुठे थंड लागतं म्हणजे खाली झरा आहे, हे गावातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ. थांग घेणं हीसुद्धा परीक्षा होती: तळाची मूठभर वाळू वर आणून दाखवायची, तरच बुडी खरी.

भोयांचं ज्ञान याहून पुढचं. मासेमारी त्यांची, पावसाळ्यात माणसं पार करायची ती त्यांनी, दोन-चार भोपळे बांबूला बांधून केलेल्या सांगडीवरून. उन्हाळ्यात त्याच पात्रातल्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या त्याही त्यांनीच. कुणी बुडालं तर पोलिसांच्या आधी भोईवाड्यात निरोप जायचा. अजूनही जातो.

काठावर शेंदूर लावलेले सात दगड तुला आठवत असतील. त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया, हिरव्या बांगड्या आणि दहीभात घेतात, आणि भर दुपारी एकट्याने डोहात उतरणाऱ्याला ओढून नेतात, अशी समजूत. शहरात शिकून आलेले याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण ते दगड कुठे मांडलेत ते बघ: नेमके जिथे तळ एकदम तुटतो तिथे. भर दुपारी काठावर चिटपाखरू नसतं, हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही. लाव्हेर्तेत्सोला चार भाषांतल्या धोक्याच्या पाट्या आहेत म्हणतोस, तसलं काम इथे आसरा करत होत्या, आणि त्यांना घाबरायला वाचता येणं जरुरीचं नव्हतं.

आता धरणाकडे येऊ. तू ज्या डोहात उडी मारलीस त्याच्या खाली, त्याच नदीवर, कोंत्राचं धरण आहे; २२० मीटर उंचीचं, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं. योगायोग असा की त्याच १९६५ च्या १८ ऑक्टोबरला पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते गंगेवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. उंची चाळीस-एक मीटर, लांबी मात्र दहा किलोमीटर; सपाट मुलखातलं धरण असंच पसरणार. दोन्ही नद्यांवर धरण, मग फरक कुठे पडला? तुझा डोह धरणाच्या वरच्या अंगाला आहे. डोंगरातून बर्फाचं आणि पावसाचं पाणी जसं यायचं तसंच त्याच्यात येतं. आपला डोह धरणाच्या खालच्या अंगाला.

जायकवाडीला नावं ठेवायला हे पत्र नाही. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, तो परभणी जिल्ह्यात आला आणि पाथरी-मानवतकडच्या रानात ऊस उभा राहिला, गहू उभा राहिला. तुझ्या आईच्या शिक्षणाची फीसुद्धा त्याच पाण्यातून निघाली. डोहासाठी धरण फोडा असं म्हणणाऱ्याला गावात कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. पण त्या पाण्याची किंमत नदीने कशी दिली ते सांगायला हवं. पूर्वी पावसाळ्यात लहान-मोठे कितीतरी पूर यायचे. ते डोह खंगाळून काढायचे, गाळ पुढे ढकलायचे, नवी वाळू आणून उतारावर पसरायचे. धरणानंतर हे मधले पूर वरच अडले. आता एक तर काहीच येत नाही, नाहीतर ऑगस्ट २००६ सारखा धरणाचे दरवाजे उघडल्यावरचा लोंढा येतो, जो काठची घरं घेऊन जातो. वाळूही वरून पूर्वीसारखी येत नाही, ती धरणाच्या पोटात बसते.

मग पात्रात बंधारे आले. ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस. गंगेला पायऱ्या पडल्या आणि प्रत्येक पायरीवर पाणी उभं राहिलं. काठावरच्या मोटारींना ते वरदानच. पण टरबुजाच्या वाड्या बुडाल्या, वाळूचा उतार बुडाला, आणि कुठे घोट्याएवढं, कुठे पुरुषभर हे वरून दिसायचं बंद झालं. सगळीकडे सारखीच, तपकिरी, सपाट पाण्याची चादर.

तरीही डोह जिथे होता तिथेच होता, जुन्या माणसांना माहीत होता. आजीची खरी धास्ती त्यानंतरची आहे.

शहरं वाढली, सिमेंटच्या घरांना वाळू लागू लागली, आणि गंगेची वाळू ही परभणी-नांदेड पट्ट्यातली सगळ्यात मोलाची चीज झाली. वाळू ब्रासवर विकतात; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सरकार घाटांचे लिलाव करतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहानशा खाणपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी खोदाईला तीन मीटरची मर्यादा घातली. २०२३ मध्ये राज्याने डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं होतं. कागदावर सगळं आहे. पात्रात मात्र रात्री जेसीबी उतरतो, पाणी असेल तिथे बोटीवर सक्शन पंप बसतो, आणि पहाटेच्या आत हायवा ट्रक भरून निघून जातात. तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या पथकांवर गाड्या घातल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या पेपरात नवीन नाहीत.

खड्डा आणि डोह यांत खोलीचा फरक नाही. फरक काठाचा आहे. डोहाला नदीने उतार दिलेला असतो; घोटा, गुडघा, कंबर, छाती असं पाणी माणसाला सांगत सांगत वाढतं. मशीनने काढलेल्या खड्ड्याची भिंत उभी असते आणि तीही सुट्या वाळूची. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचा पुढचा पाय थेट दोन पुरुष खोलीवर पडतो. मागे वळून कड धरावी तर कड हातात येते आणि वरची वाळू अंगावर. पट्टीचा पोहणाराही तिथे गडबडतो. त्यात हा खड्डा गेल्या आठवड्यात नव्हता आणि पुढच्या आठवड्यात शेजारी दुसरा असेल. भोयांनासुद्धा त्याची खबर नसते. आसरांचे दगड जुन्या डोहावर पहारा देत बसलेत, आणि माणसं बुडतात ती तिथून दीडशे पावलांवर.

कोण बुडतं तेही बघ. गंगाखेडला, संत जनाबाईच्या गावी, अधिक महिन्यात, एकादशीला, अस्थी घेऊन, लांबलांबची माणसं येतात. त्यांना पात्र माहीत नसतं. म्हशी धुवायला गेलेली पोरं, गणपती विसर्जनाला उतरलेले तरुण, धुणं घेऊन गेलेल्या मायलेकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांतली बहुतेक गरीब आणि मध्यम देशांतली. तो आकडा कसा तयार होतो, हे इथल्या स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचायला मिळतं.

आजीला ब्रास, लिलाव, खटला यांतलं काही ठाऊक नाही. तिला एवढं माहीत आहे की तिच्या लहानपणी गंगा कुठे खोल आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि आता ते फक्त वाळू काढणाऱ्याला ठाऊक असतं, तोही सांगत नाही. तुझ्या व्हिडिओतला तळ तिला दिसला. पांढरे गोटे, खडकाचा उतार, कुठून खोल होतं ते सगळं. म्हणून तिने तेवढंच विचारलं आणि गप्प बसली. मला मात्र तिथल्या थंड पाण्याची जास्त काळजी वाटते. आल्प्समधलं पाणी उन्हाळ्यातही एवढं गार असतं की एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो; आधी हातपाय, छाती भिजवून घे आणि मग उतर.

दिवाळीला येशील तेव्हा मुंबईहून रात्रीची देवगिरी पकड, सकाळी परभणीला उतरशील. तिथून परळीच्या लाईनवर गंगाखेड. पोहण्याची सोय शेतातल्या विहिरीत केलेली आहे. दिवाळीत ती काठोकाठ असते, कठड्याला दोर बांधलाय आणि तळ आम्ही मागच्या उन्हाळ्यात गाळ काढताना स्वतः पाहिलाय. धाकट्या चुलतभावाला पाणी शिकवायचं आहे. भोपळा आजीने वेलावरच राखून ठेवलाय, वाळेल तोवर.

तुझा,
मामा