आवृत्तीचा दिवस

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यावा लागतो आणि तो देण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. एका रीतीत क्रमांक बदलाचे स्वरूप सांगतो, म्हणजे जुन्याशी न जुळणारा फेरफार झाला की पहिला आकडा वाढतो, नवी सोय आली की दुसरा आणि नुसती दुरुस्ती असली की तिसरा. दुसऱ्या रीतीत तो सरळ तारखेतून घेतला जातो. उबंटूची ऑक्टोबर २००४ मधली पहिली आवृत्ती ४.१० ठरली ती या दुसऱ्या रीतीने, आणि २००६ च्या एप्रिलमध्ये यायची ६.०४ जूनपर्यंत लांबली तेव्हा तिला ६.०६ म्हणावे लागले. उशीर झाकता येत नाही, हा या रीतीचा गुण मानायचा की दोष, हे ज्याच्या त्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

हा क्रमांक आता सहसा कोणी हाताने लिहीत नाही. कोडमधला बदल भांडारात नोंदवला गेला, म्हणजे कमिट झाला, की त्यापासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे, म्हणजे बिल्ड, ते तपासणे आणि रिलीजसाठी बांधून ठेवणे ही कामे ज्या साखळीत एकामागून एक आपोआप होतात तिला पाइपलाइन म्हणतात, आणि क्रमांक घालणे हे त्या साखळीतले एका ओळीचे काम असते. ती ओळ यंत्राला आजची तारीख विचारते. यंत्र उत्तर देते ते मात्र त्याच्या स्वतःच्या घड्याळातल्या ‘आज’चे.

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडलगत आणि विमानतळाला लागून असलेल्या मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात हा ‘आज’ कोणाचा हा प्रश्न रोजचा ठरतो, कारण तिथल्या आयटी कंपन्यांचे काम निर्यातीचे, ग्राहक दुसऱ्या गोलार्धातला आणि बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर लावलेले असते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. १४ ऑगस्टची मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर रात्रपाळीतल्या अभियंत्याने बिल्ड सुरू केला, तर त्याच्या मोबाइलवर १५ तारीख असते आणि सर्व्हरवर १४ च्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सर्व्हरचा दिवस मिहानच्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचला उजाडतो. जूनच्या आरंभी नागपूरचा सूर्योदयही त्याच सुमारास होतो, त्यामुळे पंचांग जसे सूर्योदयापासून वार मोजते तसाच हा सर्व्हर नकळत मोजत असतो. यात चूक कोणाचीच नाही. चूक होते ती पाइपलाइनच्या पहिल्या टप्प्याने पाच पंचविसाला तारीख विचारली आणि शेवटच्या टप्प्याने पाच पस्तिसाला पुन्हा विचारली तर, कारण मग एकाच बिल्डच्या दोन फायलींवर दोन तारखा पडतात.

म्हणून तारीख एकदाच काढावी आणि तीच पुढे सगळ्या टप्प्यांना द्यावी, एवढ्यावर जाणकारांचे सहसा एकमत असते. ती कशाची काढावी, यावर नसते. बिल्डच्या क्षणाची घेतली तर जुना कमिट तीन आठवड्यांनी पुन्हा चालवताना त्याच कोडला नवा क्रमांक मिळतो. कमिटची घेतली तर कोड आणि क्रमांक यांची गाठ सुटत नाही. दुसरी वाट बरी. एका दिवसात अनेक कमिट येतात, तेव्हा तारखेपुढे त्या दिवसापुरता अनुक्रमांक जोडावाच लागतो, आणि फजिती बहुतेक वेळा इथेच होते. अशा स्क्रिप्ट ज्यात अनेकदा लिहिल्या जातात त्या बॅश शेलच्या गणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतली मानली जाते, आणि अष्टमानात ८ व ९ हे अंकच नाहीत. त्यामुळे ०१ पासून ०७ पर्यंत निमूटपणे एक मिळवत गेलेली स्क्रिप्ट ०८ शी येऊन मोडते. सकाळपासून आठ बिल्ड सुरळीत गेलेले असतात, म्हणून दोष आधी कोडमध्ये शोधला जातो, मग सर्व्हरमध्ये, आणि त्या शून्याकडे बघायची कोणाला आठवणही होत नाही.

तारीख आणि अनुक्रमांक सलग दहा अंकांत लिहिण्याची सवय याहून दगाबाज, कारण तिचा फटका वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. चिन्हासह बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज या टपाल-सर्व्हरच्या विषाणू-तपासणीतल्या नोंदसंचाला वर्षाचे दोन अंक पुढे ठेवून असेच क्रमांक मिळत असत. २०२१ संपेपर्यंत ते २१ ने सुरू होत होते म्हणून मावले, आणि १ जानेवारी २०२२ ला आलेला २२०१०१०००१ हा क्रमांक त्या मर्यादेपलीकडे गेल्याने तपासणी कोलमडून जगभरच्या अनेक कंपन्यांचे टपाल रांगेत अडकले. दुरुस्त संचाला मायक्रोसॉफ्टने क्रमांक दिला २११२३३०००१, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरची ३३ तारीख, जी अधिक महिना घालायला न कचरणाऱ्या पंचांगातही कधी आलेली नाही.