पाचारण आणि पुढारीपण

विद्यापीठात शिकणारी आमच्या धर्मग्रामातील मुले अधूनमधून आमच्याकडे येतात. विद्यार्थी-मंडळाचे पुढारीपण पत्करावे काय, असे कोणी विचारतो. कोणी दाराशी घुटमळून हलक्या आवाजात म्हणतो, ‘फादर, मला पाचारण आहे हे ओळखावे कसे?’ आम्हांस हे दोन्ही प्रश्न मुळात एकच वाटतात, आणि त्यांच्या उत्तरासाठी वडोदऱ्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

येथील बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते पुढे सामील झाले. या कॉलेजात विनायक नरहरी भावे नावाचा कोकणात जन्मलेला तरुण शिकत होता. मुलाने बॅरिस्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाने १९१४ च्या सुमारास मित्र जमवून विद्यार्थी-मंडळ काढले. तेथे अभ्यास व व्याख्याने चालत. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीस गेला. तोच पुढे विनोबा म्हणून जगास ठाऊक झाला.

घर सोडण्यापूर्वी विनोबांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळली, ही गोष्ट तरुणांस फार आवडते. आम्हांस मात्र त्यानंतरची हकीकत अधिक मोलाची वाटते. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती अशा दोन ओढी त्यांच्या मनात होत्या. काशीत गांधीजींचे भाषण वाचनात आले, तेव्हा त्यांनी शंका विचारणारी पत्रे लिहिली, उत्तरे तपासली, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब आश्रमात ते समक्ष गेले. मंडळात पुढारी असलेला हा तरुण तेथे दळू लागला, विणू लागला. मंडळातील काही मित्रही मागाहून त्या कार्यात आले.

विनोबा आपल्या धर्माचे नव्हते; तथापि त्यांनी आदराने ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले, हे येथे सांगितले पाहिजे. पाचारणाची त्यांची वाट आपल्या संतांच्या वाटेस बरीच जुळते. पॅरिसच्या विद्यापीठात इग्नाशियस, पीटर फाबेर व फ्रान्सिस झेवियर हे एका खोलीत राहत. झेवियरास मोठ्या मानाची आकांक्षा होती. तिचे परिवर्तन होण्यास काही वर्षे लागली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात सोबत्यांनी मोंमार्त्र येथे व्रते घेतली. मन उदास असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा इग्नाशियसचा नियम प्रसिद्धच आहे. उतावळ्या तरुणाने तो अवश्य ध्यानात ठेवावा.

म्हणून आम्ही आमच्या मुलांस सांगतो: प्रमाणपत्रे जाळू नका, अभ्यास पुरा करा. पुढारी झालात तर सभा संपल्यावर सतरंज्याही गोळा करा. टाळ्या नसतानाही ते काम गोड लागते काय, हे पाहा. प्रार्थना करा, जाणत्या माणसास विचारा, आणि त्याचे ‘थांब’ हे उत्तरही ऐकण्याची तयारी ठेवा. देवाची हाक खरी असेल, तर थांबल्याने ती विरत नाही.

आणि आईबापहो, तुमच्या रागातही माया असते, हे आम्ही जाणतो. मुलास डॉक्टर किंवा इंजिनिअर करण्याकरिता तुम्ही पोटास चिमटा घेतलेला असतो. तरीही त्याने मनातील गोष्ट काढली, तर तिला हसू नका, धमकावू नका, आणि चार लोकांत मिरवूही नका. निवड त्याची आहे. ती मोकळ्या मनाने करण्यास त्याला घरातच जागा मिळाली, तर गाडीतून मध्येच उतरण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.