पांढरा धूर, सकाळी सहा वाजता

जुलैत टिटवाळ्याची पहाटच धुरकट असते. काळू नदीवरून वर आलेलं धुकं, टपरीवरच्या चहाची वाफ आणि सुरू होणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे पांढरा झोत. त्यामुळे पावसाळ्यात कुणी "गाडी पांढरा धूर मारतेय" म्हणत आलं, की धुराच्या रंगाआधी मी वेळ विचारतो. कधी येतो? किती वेळ राहतो? लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर तापलेला असला तर ते दिसत नाही. थंड असला की ठिबकतं, वाफ होऊन डोळ्यांत भरतं आणि माणूस घाबरतो.

कल्याणचे काका असेच घाबरून आले होते. गाडी 2006 ची मर्सिडीज, सी 200 कॉम्प्रेसर. कूलंट कमी होतंय आणि मागे पांढरा धूर, एवढ्यावरून एका गॅरेजने हेड गॅसकेट गेल्याचं सांगितलं होतं. खर्च ऐकून काका हबकले होते. "विकून टाकू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, एक रात्र गाडी माझ्याकडे ठेवा."

कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, हा इंजिनच्या पट्ट्यावर. आत दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा पुढे रेटतात. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, ते मोटारीसाठी नव्हतंच. मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या गाड्या 1921 मध्ये लोकांसमोर आणल्या. कोंबलेल्या हवेमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून अशा जुन्या गाडीत गॅसकेटचा संशय येणं चूक नाही. पण संशयावर हेड उतरवू नये. एकदा उतरवलं की मूळ खूण पुसली जाते.

सकाळी सहाला गाडी उघड्यावर काढली. वरचा रेडिएटर पाइप मुठीत धरला आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. गॅसकेट फुटून सिलिंडरचा दाब पाण्यात शिरत असेल, तर इंजिन गार असतानाच हा पाइप दगडासारखा होतो. तो मऊच राहिला. कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत. टाकीच्या तोंडावर तपासणीचं निळं औषध धरलं. जळका वायू लागला तर ते पिवळं पडतं. निळंच राहिलं. मागे धूर मात्र भरपूर. लांबूनच हाताने वारा घेऊन वास पाहिला. कूलंट जळतं तेव्हा गोडसर, चिकट वास येतो आणि नाकातून लवकर जात नाही. इथे तो नव्हता. पांढरा कागद धरला, त्यावर नुसते पाण्याचे ठिपके. बारा मिनिटांत धूर संपला.

मग कूलंट जातंय कुठे? गार इंजिनला पंपाने दाब दिला आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर होता आणि त्यावरून एक थेंब हळूच सरकत होता. गळती बाहेरची होती.

पण काका म्हणत होते, गाडी तापल्यावरही धूर येतो. गाडीवाल्याचं असं बोलणं मी कधी सोडत नाही. गाडीबरोबर रोज तोच असतो. गोवेलीवरून मुरबाड रोडला काढली, जरा दाबली, आणि आरशात दिसला दुसरा धूर. पांढराच, पण कडेला निळसर झाक, जळक्या तेलाच्या वासाचा. रंग सारखा वाटल्यामुळे दोन वेगळे धूर एक समजले गेले होते.

परत येऊन इंटरकूलरचा पाइप सोडला. आत बोट फिरवलं तर काळंभोर तेल, अर्धा कप तरी साचलेलं. इथे घाई केली असती तर सुपरचार्जरलाच दोष दिला असता. पण त्याचं स्वतःचं तेल बंदिस्त असतं आणि इंजिनच्या तेलासारखं काजळीने काळं होत नाही. हे तेल इंजिनचं होतं. माग काढत गेलो तर क्रँककेसच्या ब्रीदरचा रबरी पाइप, अठरा वर्षं उष्णता सोसून बोटात चिखलासारखा दबणारा, एका बाजूला चिरलेला. तेल गाळणारा सेपरेटरही चोंदलेला. तिथून तेलाची वाफ हवेच्या वाटेत जायची, इंटरकूलरमध्ये साचायची आणि जोरात दाबलं की एकदम सिलिंडरमध्ये.

पाइप आणि सेपरेटर नवे टाकले, वॉटर पंप बदलला, इंटरकूलर धुऊन उलटा टांगला. सायलेन्सरमध्ये मुरलेलं तेल जळून जायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुरबाड रोड. काका मागच्या सीटवर उलटे वळून काचेतून बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काहीच नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "अहो, परत धूर आहे. पांढरा."

"आत्ता सुरू केलीत?"

"हो, आत्ताच."

"फोन चालू ठेवा. चहा घेतलात?"

पलीकडे कपबशी वाजली. पाऊसही ऐकू येत होता. दहाएक मिनिटांनी काका म्हणाले, "गेला."