बंबाचं तांबं

दसऱ्याआधी घरं झाडायला निघाली की माझ्या दुकानात बंब यायला लागतात. परभणी जिल्ह्यात थंडी वाढली की पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो. त्यामुळे जिंतूर तालुक्यातल्या आमच्या चारठाण्यात पाणी तापवायचं साधन घरोघरी लागतं. पूर्वी पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारा तांब्याचा बंब होता, आता गीझर आणि रॉड. मोडीत दोन्ही येतात.

बंबाची रचना सरळ आहे. मध्ये धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळी, बाहेर पितळी तोटी. तोटी आधी काढायची. तांबं 1085 अंशांना वितळतं, पितळ त्याच्या बरंच आधी. भट्टीत पितळातलं जस्त उडालं की त्या धुरानं माणूस तापानं फणफणतो. मग आतला क्षार ठोकून पाडायचा. आमच्या बोअरचं पाणी जड, पांढरा थर तांब्याला घट्ट धरून बसतो. तो तसाच राहिला तर मोठा व्यापारी वजनात काट धरतो. डाकाचे सांधेही कापून बाजूला ठेवायचे, कारण कथील-शिसं मिसळलेलं तांबं विजेच्या तारेला चालत नाही आणि दर पडतो.

नळीचा खालचा भाग बहुधा आगीनं पातळ झालेला असतो. बाकी पत्रा शाबूत असला तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, मोडू नका, तांबटाकडून दुरुस्त करून घ्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकाम चालतं. हातोडीच्या एकेका ठोक्यानं घडवलेली वस्तू किलोवर विकणं माझ्या जिवावर येतं.

गीझर मात्र फसवतो. लोक आतली टाकी तांब्याची समजून आणतात आणि लोहचुंबक लावला की तो चटकन चिकटतो. आत काचेसारखा मुलामा दिलेली लोखंडी टाकी निघते. ते लोखंड जालन्याच्या भट्ट्यांकडे जातं, तिथं भंगाराच्या सळया होतात. तांबं सापडतं ते कॉइलच्या आवरणात, तेही दर वेळी नाही. अशा टाकीत मॅग्नेशियमची कांडीही असते. टाकीऐवजी ती झिजते म्हणून टाकी टिकते. ही कांडी ग्राइंडरला कधीही लावू नये. तिचा कीस पेटला तर पाण्यानं आग आणखी भडकते. जवळ कोरडी वाळू हवी.

सगळ्यात वाईट वाटतं ते टाकीभोवतीचा फोम आणि वायरी पेटवून तांबं काढणाऱ्यांचं. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. वायरीच्या प्लॅस्टिकमधून आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन निघतं. हे काम बहुतेकदा कोवळी पोरं करतात, गावाबाहेरच्या नाल्यात, उघड्या तोंडानं. एवढं करून तांबं काळं पडतं ते पडतंच, भावही उतरतो. फोम चाकूनं खरवडून निघतो आणि वायर सोलायचं साधं हातयंत्र बाजारात मिळतं. माझ्याकडे माल आणणाऱ्या पोरांना ते यंत्र मी वापरायला देतो. जाळून आणलेलं तांबं मी घेत नाही.