हात, वीत, बोट

माझा भाचा कॅनडात विनिपेगला असतो. गेल्या पौषात त्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. चहूकडे पांढरेशुभ्र बर्फ, मध्ये घागरीच्या तोंडाएवढे भोक आणि त्या भोकाशी स्टुलावर बसलेले आमचे चिरंजीव! डोळे तेवढे उघडे, बाकी सारा देह लोकरीत. विनिपेग सरोवर म्हणजे सुमारे साडेचोवीस हजार चौरस किलोमीटर पाणी. आपले अडीच बुलढाणा जिल्हे त्यात सहज मावावेत. हिवाळ्यात ते वरून गोठले की लोक त्यावर मोटारी नेतात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि खाली गळ सोडून बसतात. भाचा पाच तास बसला होता. एवढे करून मिळालेला मासा त्याने मोजपट्टीवर ठेवला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला. तिकडच्या पुष्कळ तळ्यांवर मापाहून लहान मासा परत सोडावा लागतो. कुठे कुठे फार मोठाही, कारण थोरली मादी अंडी जास्त घालते. फोटोखाली त्याने लिहिले होते, ‘मामा, इथले म्हातारे म्हणतात, पूर्वी मासे मोठे असायचे.’

हे वाक्य ऐकायला विनिपेगला जायची गरज नव्हती. आमचे आजोबा दुसरबीडच्या ओट्यावर बसून रोज हेच सांगत. खडकपूर्णेतल्या मरळीचे माप दाखवताना ते उजवा हात कोपरापासून पुढे करीत. त्यांच्या वडिलांच्या वेळची मरळ तर खांद्यापर्यंत जाई. आम्ही पोरे तोंडे दाबून हसत असू. पण राहेरीच्या पुलाकडून काठीला अडकवून आणलेल्या माशाची शेपटी धुळीत रेघ ओढत येताना मी स्वतः पाहिली आहे. अर्थात तेव्हा माझीही उंची बेताचीच होती, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्याच्या सुट्टीत ताईकडे गेलो, तेव्हा भोईकाका पाटी घेऊन दारात आले. पाटीत वीतभर मासेसुद्धा मोजकेच. बाकी सगळी बोटे.

“काका, एवढे लहान कशाला धरता? वाढू द्या की!” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो.

काका पाटी उतरवून उकिडवे बसले. “मास्तर, मी सोडला तर पुढं दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. त्याच्या जाळ्याचा डोळा माझ्यापरीस बारीक हाये. मंग मीच येडा का?”

यावर मराठीच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते.

काकांचे खोटे नव्हते आणि दोष एकट्या जाळ्याचाही नव्हता. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात; खडकपूर्णेवर धरण झाले, पाणी थबकले. थबकलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्याची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज तयार करून धरणात सोडता येते. या धंद्यातले शब्द मला फार आवडतात. नुकतेच जन्मलेले ते जिरे, बोटाएवढे झाले की बोटुकली. पण बोटुकलीने दोन-तीन पावसाळे पाहिले तर तिचा वीण करणारा मासा व्हायचा, आणि ते पाहण्याआधीच ती पाटीत येते. राहिली चिलापी. 1952 साली हा परका मासा आपल्या देशात आणला. त्याला पूर लागत नाही, की सुईही लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. दाटी झाली, जाळी वाढली, की ती मोठे होण्याची वाटच पाहत नाही. लहानपणीच आई होते.

एवढे ज्ञान पाजळून मी काय केले? पाटीतली बोटे अर्धा किलो घेतली. घासाघीस मात्र केली नाही, तेवढेच.

ताई ओट्यावर मासे साफ करीत होती. “अरे, हे बघ,” म्हणून तिने हाक मारली. माझ्या मधल्या बोटापेक्षा जेमतेम मोठी चिलापी. पोट चिरले तर आत पिवळी अंडी ठासून भरलेली. ताई चाकू धरून क्षणभर थांबली. “एवढीशी तर आहे रे,” ती म्हणाली.

मी त्या माशाशेजारी आपला हात ठेवून फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. तिकडे रात्र असावी. तरी लगेच उत्तर आले, ‘मामा, परत नाही सोडली?’

काय लिहावे ते सुचेना. तव्यावर तेल तापले होते आणि ताई ताटे घ्यायला बोलावत होती.