२१४७४८३६४७

काही आकडे रोज भेटून ओळखीचे होतात. माझ्या ओळखीचा असा एक म्हणजे २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दमलात ना? :) सोप्पं सांगायचं तर २ चा ३१ वा घात, वजा १. ३२ बिटांतला एक बिट अधिक-उणे चिन्हाला दिला, की उरलेल्यांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा.

त्यात अजून १ मिळवला की बहुतेक मशीन्सवर उत्तर थेट उणे दोन अब्जांच्या पलीकडे जातं! २०१४ मधे 'गंगनम स्टाईल'चे व्ह्यूज ह्या हद्दीपलीकडे गेले आणि यूट्यूबला काउंटर ६४ बिटांचा करावा लागला.

पण गणितवाल्यांना हा आकडा कॉम्प्युटरच्या आधीपासून माहीत आहे. कारण तो मूळ संख्या आहे. ऑयलरने १७७२ मधे हे सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. सरळसोट पद्धतीने जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण ह्या आकड्याला भागू शकणारी मूळ संख्या ६२ ने भागल्यावर १ च बाकी ठेवते, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. ही चाळणी लावली की शंभराहून कमीच उमेदवार उरतात. ह्याला म्हणतात ऑप्टिमायझेशन!

ह्याच आकड्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच. १८११ मधे पीटर बार्लोने लिहिलं की ह्याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायच्या फंदात कोणी पडेलसं वाटत नाही, कारण ही नुसती गंमत, उपयोग शून्य. पुढे लोक पडलेच! आणि उपयोगाचं म्हणाल तर १९८८ मधे पार्क आणि मिलर ह्यांनी सुचवलेला रँडम नंबर जनरेटर बघा. १६,८०७ ने गुणा, ह्या आकड्याने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदाच येते, मग चक्र पुन्हा सुरू. आकडा मूळ नसता तर हे जमलंच नसतं.

असो. आता जरा घरचं. जुन्या ३२ बिटी सिस्टिम्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ते मोजणं ह्या आकड्याशी पोचेल १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी साल असेल १९०१. माझ्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३९ मधे आहे. तुमचाही असेल कदाचित. तारखांचा जुना कोड साफ करायचं कंटाळवाणं काम ऑफिसात कोणी घेत नव्हतं, ते मी मागून घेतलंय... ऑयलरइतकं थोर नाही, पण बाकी कोणाच्या हप्त्याची तारीख १९०१ मधे जायला नको!