साहित्यातील सत्ता, समाज आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य : उंदराच्या टोपीपासून बेणारेबाईंपर्यंत



शीर्षक वाचून तुम्हाला वाटेल, हा विषय बी.ए., एम.ए.च्या मुलांचा, प्राथमिकच्या बाईंनी यात कशाला पडायचं? पण जरा आठवून पहा. आपण पहिली-दुसरीच्या मुलांना ज्या गोष्टी सांगतो, त्यात राजा असतो, गरीब म्हातारी असते, जंगलचा सिंह असतो. म्हणजे कुणाचा तरी हुकूम चालतो आणि कुणाला तरी तो ऐकावा लागतो. सत्ता म्हणजे काय, हे मूल सगळ्यात आधी गोष्टीतूनच शिकतं.

उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. उंदराला कापडाची चिंधी सापडते. तो धोब्याकडून ती धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, तिला गोंडा लावून घेतो आणि ढोल वाजवत गावभर सांगत सुटतो की माझी टोपी राजाच्या टोपीपेक्षा छान आहे. राजाला राग येतो, तो टोपी काढून घेतो. उंदीर गप्प बसत नाही. राजा भिकारी आहे, म्हणून माझी टोपी घेतली, असं तो ओरडतो. राजा टोपी परत देतो, तर उंदीर म्हणतो, राजा मला घाबरला! मुलं इथे खो-खो हसतात. का हसतात? एवढं सैन्य असलेला राजा चिमूटभर उंदराच्या बोलण्यापुढे अडकला म्हणून. लोक काय म्हणतील, ही भीती राजालाही असते, हे त्यांना न शिकवता कळतं.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात ही गोष्ट नव्याने घेतली. मी विचारलं, "उंदराला टोपी घालायला कोण कोण अडवू शकलं असतं?" मुलांनी राजा, शिपाई, मांजर अशी नावं सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, उंदीर मुलगी असती ना, तर राजापर्यंत गेलीच नसती. घरच्यांनीच टोपी घालू दिली नसती."

वर्ग हसला, पण ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. कारण मोठ्यांच्या साहित्यातली सत्ता नेमकी अशीच असते. तिच्या डोक्यावर मुकुट नसतो. ती आपल्याच माणसांच्या आवाजात बोलते.

यमूचं स्वातंत्र्य कुणाच्या हातात होतं?

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीची. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणी लग्न, सासरचा जाच, मग मुंबईत नवऱ्यासोबत काही चांगले दिवस. नवरा सुधारक विचारांचा. तो तिला वाचायला प्रोत्साहन देतो, बरोबरीने वागवतो. वाचताना आपल्यालाही बरं वाटतं, सुटली बिचारी! पण नवरा वारतो आणि सगळं एका झटक्यात जातं. तिचं जबरदस्तीने केशवपन होतं.

हे वाचताना माझ्या मनात एक प्रश्न आला. यमूला मुंबईत मिळालं ते स्वातंत्र्य होतं की परवानगी? नवरा भला होता म्हणून परवानगी मिळाली आणि तो गेल्यावर ती संपली. म्हणजे ते सुख तिच्या हक्काचं नव्हतंच. परवानगी आणि स्वातंत्र्य यांतला हा फरक समजला, तर साहित्य वाचण्याची आपली नजरच बदलते. आपल्या आजूबाजूला बघण्याचीही बदलते. "आमच्याकडे सुनेला नोकरी करू देतात", "आम्ही मुलीला शिकू देतो" ही वाक्यं आपण पालकसभेत कौतुकाने ऐकतो. त्यातल्या 'देतो' या शब्दाकडे लक्ष द्या.

बेणारेबाई स्वतः कमावत होत्या, तरी?

तुम्ही म्हणाल, तो काळ जुना. बाई कमावती झाली की प्रश्न सुटतो. मग विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचा. रंगायनने हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आणलं. त्यातली लीला बेणारे ही आपल्यासारखीच शिक्षिका. आणि ती भूमिका गाजवणाऱ्या सुलभा देशपांडेही शिक्षिका होत्या.

नाटक करणारी एक मंडळी एका गावी येते. वेळ घालवायचा म्हणून खोटा खटला खेळायचं ठरतं आणि बेणारेला आरोपी करतात. खेळ म्हणता म्हणता तिचं खासगी आयुष्य सगळ्यांसमोर उघडं केलं जातं. ती अविवाहित आहे आणि तिला दिवस गेले आहेत. ज्या प्रोफेसर दामल्यांशी तिचा संबंध आला, ते मात्र तिथे हजरच नाहीत. पुरुष गैरहजर आणि आरोपी फक्त बाई! सुरुवातीला तिच्यावर आरोप ठेवतात बालहत्येचा आणि शेवटी निकाल देतात की तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गोष्टीला गुन्हा म्हटलं, तीच शिक्षा म्हणून सांगितली.

शेवटी तिला बाजू मांडायला दहा सेकंद मिळतात. ती खूप बोलते, पण रंगमंचावरचे सगळे थिजलेले असतात. तिचं बोलणं फक्त प्रेक्षकांना ऐकू येतं. डी.एड.ला असताना मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला ती लेखकाची युक्ती वाटली. नोकरीला लागल्यावर परत वाचलं, तेव्हा अर्थ लागला. गावात नवीन बाई आल्या की त्या शिकवतात कशा, हे विचारण्याआधी लग्न झालंय का, कुठे राहतात, भेटायला कोण येतं, हे विचारलं जातं. नवीन सरांची इतकी चौकशी होत नाही. पगार आपल्या खात्यावर जमा होतो, पण आपल्या वागण्याचा हिशेब गाव ठेवतं. इथे राजा नाही, पोलीस नाहीत. चार ओळखीची माणसं गंमत म्हणून खेळायला बसतात, तेवढं पुरतं.

मग साहित्य काय करतं?

इथे मुक्ता साळवेचं नाव घ्यायलाच हवं. ती जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांना ज्ञानाची बंदी का, धर्मात आमची जागा कोणती, असे थेट प्रश्न तिने विचारले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं, त्यातल्या शाळकरी मुलीने हे लिहिलं. अक्षरओळख झाल्यावर तिने गिरवून दिलेलं नाही लिहिलं, आपलं स्वतःचं लिहिलं.

आता आपल्या वर्गातले निबंध आठवा. 'माझी आई' लिहायला सांगितलं की पस्तीस वह्यांमध्ये एकच आई निघते. पहाटे उठणारी, सगळ्यांचं करणारी, कधीही न रागावणारी. ज्या मुलाची आई ऊसतोडीला गेली आहे आणि जे आजीजवळ राहतं, तेही मार्गदर्शिकेतलीच आई लिहितं. कारण मार्क तिलाच मिळतात. वर्गात सत्ता आपल्या हातात असते, मंडळी. लाल पेन आपलं असतं. मुलाने काय खरं मानावं, हे त्या पेनाने ठरतं.

म्हणून कोणतीही गोष्ट किंवा पाठ घेताना मी हे चार प्रश्न विचारते. तुम्हीही घरी विचारून पहा.

१. या गोष्टीत कोण ठरवतं आणि कोण ऐकतं?
२. कुणाला बोलायलाच मिळालं नाही?
३. 'लोक काय म्हणतील' याची भीती कुणाला आहे?
४. पात्राला जे मिळालं ते त्याचं स्वतःचं होतं, की कुणी दिलं म्हणून मिळालं?

उत्तरं बरोबर-चूक करू नका. कधी अवघड उत्तर येईल. एखादा मुलगा म्हणेल, "आमच्या घरी बाबा ठरवतात आणि आई ऐकते." पालकहो, असं काही कानावर आलं तर मुलाला गप्प करू नका आणि शाळेवरही रागावू नका. त्याने पाहिलेलं त्याला शब्दांत सांगता आलं, यासाठीच तर आपण त्याला भाषा शिकवतो.

पुढच्या आठवड्यात निबंध देताना एक करून पहा. नमुना फळ्यावर लिहू नका. पाचच ओळी सांगा, पण स्वतःच्या. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी तपासा. पहिल्या दिवशी फक्त वाचा.